अस्तरात राहिलेली सावली

ताईच्या दुकानावरच्या पाटीवर ‘दुरुस्ती’ एवढाच शब्द होता. नवा कपडा ती शिवत नसे. लोक बाजारातून आयते कपडे आणत, ते कुणाला खांद्यात ढगळ होत, कुणाला पोटावर तंग. मग ताई ते उसवून, आत घेऊन, बाहेर सोडून त्या त्या माणसाच्या अंगाबरोबर करून देई. तीस वर्षं हेच चाललं होतं. तुम्ही स्वतः काही शिवत का नाही, असं कुणी विचारलंच तर ती म्हणे, “शिवण्यात कसली मजा? दुसऱ्यानं कसं शिवलंय ते उसवून बघण्यात मजा.” आणि ती खरंच बघत बसे. एखाद्या कोटाची बाही उसवताना आतला कॅनव्हासचा ताठ थर दिसला की समोर गिऱ्हाईक ताटकळत उभं आहे, हे ती साफ विसरून जाई.

असल्या बाईच्या हाती पोस्टरचं टेम्प्लेट पडलं, मग काय विचारता.

निमित्त होतं तिच्या धाकट्या भावाचं. धाकटा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि उरलेल्या वेळात अकॉर्डियन वाजवायचा. त्याच्या जोडीला गिटारवर त्याचा मित्र. त्या मित्राला अख्खं गाव लंबू म्हणे, कारण दार कितीही उंच असलं तरी आत शिरताना तो सवयीनं मान वाकवायचा. बावीस वर्षं दोघं जोडीनं वाजवत होते. तीन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात धाकट्याची बोटं जराशी अडखळली आणि लंबूनं माइकवरून थट्टा केली, “माफ करा मंडळी, आमच्या साहेबांच्या बोटांना आता चष्मा लागलाय.” सगळे हसले. धाकट्यानं तिथल्या तिथं भाता मिटला, अकॉर्डियन पेटीत घातलं आणि मागच्या दारानं निघून गेला. तेव्हापासून लंबूशी अबोला, आणि लोकांपुढे वाजवणंही बंद. पुरुषांचे रुसवे बायकांच्या रुसव्यापेक्षा जास्त टिकतात, फक्त त्यांना रुसवा म्हणायची कुणाची छाती होत नाही, असं ताईचं मत होतं.

तीन वर्षं तिनं त्याच्यामागे भुणभुण लावली. कधी गोडीनं, कधी डोळ्यांत पाणी आणून, कधी सरळ भांडून. शेवटी या महिन्यात तो कबूल झाला. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, शनिवारी संध्याकाळी, दीड तास.

“पण एकटा वाजवणार,” तो म्हणाला. “आणि ताई, नीट ऐक. त्याचं नाव कुठंही दिसलं, नुसतं कानावर जरी आलं, तरी मी त्या दिवशी घराबाहेर पडायचा नाही. पुन्हा मला कधी वाजव म्हणायचंही नाही.”

“नाही दिसणार,” ताई म्हणाली. “माझा शब्द.”

धाकटा बोलेल ते करणारा होता. लहानपणी एकदा रागाच्या भरात दूध पिणार नाही म्हणाला, ते आजतागायत प्यायलेला नाही. म्हणजे हा शनिवार फिसकटला तर ते अकॉर्डियन पेटीत जाणार ते कायमचंच, हे ताईला पक्कं ठाऊक होतं.

पोस्टर करायचं ठरलं तेव्हा गल्लीच्या टोकाला स्टुडिओ असलेल्या फोटोवाल्यानं तिला वाट दाखवली. त्याच्या तीन पँटी ताईकडे दुरुस्तीला होत्या, त्यामुळे तो जरा अदबीनंच बोलत होता. “ताई, कोऱ्या पानापासून कशाला सुरुवात करता? इंटरनेटवर तयार पोस्टर मिळतात. आपला फोटो घालायचा, आपली अक्षरं घालायची, झालं.”

“म्हणजे आयता कपडा आणून अंगाबरोबर करायचा,” ताई म्हणाली.

“तेच ते.”

“मग तर ते माझंच काम.”

दुकानातल्या जुन्या कंप्युटरवर त्यानं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि ताईनं एक टेम्प्लेट निवडलं. पिवळी भिंत, लाकडी जमीन, मधोमध गिटार घेऊन उभा असलेला एक परका माणूस, तिरपा संध्याकाळचा उजेड, आणि वर मोठ्या अक्षरांत काहीतरी इंग्रजी. उजव्या बाजूला एक लांबलचक यादी होती. फोटोवाला म्हणाला, “हे थर. लेयर. पोस्टर एकसंध दिसतं, पण एकावर एक ठेवलेलं असतं सगळं. हा डोळा दिसतोय ना, तो दाबा.”

ताईनं डोळा दाबला आणि गिटारवाला माणूस नाहीसा झाला. पुन्हा दाबला, माणूस हजर.

“अगंबाई,” ताई म्हणाली.

फोटोवाला निघून गेला तरी तिचं तेच चालू होतं. अक्षरं घालव, आण. जमीन घालव, आण. गिटारवरची चमक तेवढी वेगळी निघाली तेव्हा तर तिनं शेजारच्या बेकरीवाल्या काकूंना हाक मारून बोलावलं. “बघा तरी! एक टाका न उसवता सगळं उघडून बघता येतं.” काकूंनी बघितलं, छान आहे म्हणाल्या आणि भट्टीकडे पळाल्या. दुपारभर ताईनं एकाही गिऱ्हाइकाचं काम केलं नाही. हे बनवणारा माणूस कोण असेल, त्यानं आधी भिंत केली असेल की आधी माणूस, एवढ्याशा चमकेला वेगळा थर द्यावा असं त्याला का वाटलं असेल, असले प्रश्न तिला पडत होते. उत्तर द्यायला कुणी नव्हतं, पण त्याचं तिला फारसं वाटलं नाही.

मग खरं काम सुरू झालं आणि तीस वर्षांचा हात आडवा आला. धाकट्याचा फोटो तिनं दुकानातच काढला होता, खिडकीजवळ, स्टुलावर बसलेला, मांडीवर अकॉर्डियन. तो फोटोतून कापून काढायचा होता. तिनं माउसनं त्याच्या कडेकडेनं इतकी सुबक रेघ मारली की काय सांगावं, पण सवयीनं शिलाईसाठी अर्धा इंच सोडला. त्यामुळे पोस्टरमध्ये धाकटा बसला तो दुकानाचा निळा पडदा अंगाभोवती घेऊनच. ताई एकटीच खो खो हसली आणि पुन्हा कापायला बसली. मग अक्षरं. तिनं धाकट्याचं नाव टाइप केलं, तर नुसते रिकामे चौकोन उमटले. त्या टेम्प्लेटच्या फॉन्टमध्ये आपली अक्षरंच नव्हती. फोटोवाल्याला फोन करून तिनं फॉन्ट बदलला. भिंतीचा पिवळा रंग तिला भडक वाटला, म्हणून तिनं भिंत चॉकलेटी करून टाकली. धाकट्याला तोच रंग शोभायचा.

एका गोष्टीला मात्र तिनं हात लावला नाही. यादीत अगदी खाली ‘बॅकग्राउंड’ नावाचं फोल्डर होतं. ताई ज्यांच्या हाताखाली काम शिकली, ते मास्तर म्हणत, बाहेरून हवं ते बदल, पण अस्तर शाबूत असेल तर त्याला सुई लावू नकोस, अस्तरावर कपडा उभा असतो. सगळ्यात खाली आहे म्हणजे हेच अस्तर, असं ताईनं ठरवलं. भिंतीचा रंग बदलायला वरून एक रंगाचा थर पुरला. फोल्डर उघडायची वेळच आली नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिनं एखादी गोष्ट उघडून न बघता सोडून दिली.

फोटोवाल्यानं पंचवीस पोस्टर छापून दिली. ताईनं ती हातात घेतली आणि फक्त धाकट्याचा चेहरा बघितला. चेहरा छान आला होता. रविवारी गावभर फिरून तिनं ती लावली. एक तर चष्म्याच्या दुकानासमोरच्या खांबावर, धाकट्याला काउंटरवरून दिसेल असं मुद्दाम लावलं.

सोमवारी सकाळी बेकरीवाल्या काकू दारातूनच म्हणाल्या, “काय गं, लंबू येतोय म्हणे!”

ताईच्या हातातली कात्री थांबली. “कोण म्हणालं?”

“कोण कशाला म्हणायला हवं?”

“काकू, हे नाव घेऊ नका बाई. धाकट्याच्या कानावर गेलं तर सगळं मुसळ केरात.”

काकूंनी खांदे उडवले आणि त्या गेल्या. मंगळवारी औषधाच्या दुकानदारानं तेच विचारलं. बुधवारी वाचनालयाच्या बाईंचा फोन आला, “ताई, खुर्च्या वाढवाव्या लागणार. साठ जण विचारून गेले. दोघं परत एकत्र येतायत म्हणजे काय!”

आता मात्र ताईनं हातातलं काम बाजूला टाकलं. ती तडक बेकरीच्या भिंतीवरच्या पोस्टरसमोर जाऊन उभी राहिली आणि शाळेतल्या मुलीसारखं बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागली. धाकट्याचं नाव. अकॉर्डियन. शनिवार. वाचनालय. लंबूचा उल्लेख कुठंच नव्हता.

“काकू!” तिनं हाक मारली. “दाखवा बरं मला, कुठं आहे लंबू?”

काकू पिठाच्या हातानंच बाहेर आल्या आणि त्यांनी पोस्टरवर बोट टेकवलं. “हा काय मग?”

स्टुलावर बसलेल्या धाकट्याच्या मागून भिंतीवर एक सावली निघाली होती. ती बसलेल्या माणसाची नव्हती. उभ्या माणसाची होती, उंच, लांब पायांची, छातीशी गिटार धरलेली, मान जराशी वाकवलेली. तिरप्या उजेडामुळे ती सगळ्या भिंतीवर चढून पार तारखेपर्यंत पोचली होती.

ताई दुकानात धावली. कंप्युटर सुरू होईपर्यंत तिला धीर निघेना. पिवळ्या भिंतीवरची ती काळपट छटा तिला आधी भिंतीचाच भाग वाटली होती, आणि आता त्या म्हाताऱ्या स्क्रीनवर चॉकलेटी भिंत आणि सावली एकाच रंगाची दिसत होती, डोळे ताणून बघितलं तर जेमतेम कळत होती. तिनं ‘बॅकग्राउंड’चं फोल्डर उघडलं. खाली भिंत, तिच्यावर उजेड, आणि त्याच्यावर ‘शॅडो’. तिनं डोळा दाबला. सावली गेली. पुन्हा दाबला. सावली आली. माणूस वरच्या थरात होता, त्याला तिनं केव्हाच हाकलून दिलं होतं, पण त्याची सावली खाली अस्तरात तशीच राहिली होती. आपलं चांगलंच चुकलं आहे हे तिला दिसत होतं, आणि तरीही तिनं तो डोळा दहा वेळा तरी मिटला आणि उघडला. माणूस वेगळा आणि त्याची सावली वेगळी ठेवता येते, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

फोटोवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, “मला वाटलं मुद्दाम ठेवलीय तुम्ही. मी तर बायकोला म्हटलं, ताईंचं डोकं बघ, नाव न घेता बातमी दिली!”

“डोकं कसलं, बावळटपणा तो,” ताई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिच्या मनात एक चोरटा विचार येऊन गेला. राहू दे की तसंच. हॉल भरतोय. नाव तर कुठं नाही. धाकटा विचारेल तर कानावर हात ठेवायचे. पण शब्द दिला होता, आणि धाकट्याला फसवून वाजवायला बसवणं तिला जमणारं नव्हतं. गुरुवारी सकाळी तिनं चॉकलेटी कागद आणला, सावलीच्या मापाची ठिगळं कापली, डिंकाची बाटली घेतली आणि निघाली. ठिगळाच्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बेकरी, शाळेचं फाटक, औषधाचं दुकान, वाचनालय, एकेक करत सावल्या झाकल्या गेल्या. चष्म्याच्या दुकानासमोरचा खांब तिनं शेवटी ठेवला, कारण तिथं जायचा धीर होत नव्हता.

बसथांब्यावरच्या पोस्टरपुढे एक माणूस पाठमोरा उभा होता. मागूनच तिनं ओळखलं. एवढी उंची गावात दुसऱ्या कुणाचीच नव्हती.

“ताई,” लंबू वळून म्हणाला. केस पिकले होते त्याचे. “कशा आहात?”

“बरी आहे रे.”

तो पुन्हा पोस्टरकडे वळला. “हा मी आहे ना?”

ताईच्या एका हातात ठिगळ, दुसऱ्या हातात डिंक.

“रविवारपासून रोज येतोय बघायला,” लंबू म्हणाला. “म्हटलं, नाव नाही, फोन नाही, नुसती सावली. हे असलं त्यालाच सुचणार. तोंडानं बोलायचा नाही, पण जागा ठेवलीय माझी.” तो हसला. “काल तारा आणल्या, ताई. तीन वर्षं गिटार माळ्यावर होती, गंजल्या होत्या सगळ्या. सहाच्या सहा बदलल्या.”

हो म्हटलं असतं तर सगळं सोपं होतं. पण मग शनिवारी हा माणूस गिटार घेऊन हॉलच्या दारात उभा राहिला असता, धाकटा मागच्या दारानं गेला असता, आणि या वेळी कुणाच्याच बोलावण्यानं परत आला नसता. ताईनं डिंकाची बाटली खाली ठेवली.

“नाही रे बाबा,” ती म्हणाली. “ही तुझी नाही. त्यानं काही ठेवलेलं नाही. मी तयार पोस्टर आणलं, त्यातला माणूस काढला आणि त्याची सावली काढायची राहिली. माझी चूक आहे सगळी.”

लंबूनं सावलीच्या कडेवरून बोट फिरवलं.

“म्हणजे हा कुणीतरी भलताच.”

“भलताच.”

“उंची मात्र माझीच आहे हो.”

“उजेड तिरपा आहे म्हणून,” ताई म्हणाली, आणि तिला इतकं वाईट वाटलं की ती मान खाली घालून उगाच बाटलीचं झाकण फिरवत बसली.

“मग हे झाकायला निघालात?”

ताईनं मान डोलावली. लंबूनं हात पुढे केला. “द्या इकडे. वर तुमचा हात पोचायचा नाही.” त्यानं ठिगळाला डिंक लावला, सावलीच्या डोक्यापासून खालपर्यंत ते नीट बसवलं, एकही सुरकुती राहू दिली नाही, तळहातानं दाबून घेतलं. मग रुमालाला बोटं पुसली. “चांगलं वाजवेल तो,” तो म्हणाला. “सुरुवातीला जरा घाई करतो, तेवढं सांगा.” आणि तो निघून गेला.

ताईच्या पिशवीत अजून बरीच ठिगळं होती, पण ती पुढच्या पोस्टरकडे गेलीच नाही. सरळ चष्म्याच्या दुकानात शिरली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. धाकटा दिव्याखाली काच धरून कडा तपासत होता. दुकानाच्या काचेतून समोरचा खांब दिसत होता, खांबावर पोस्टर, पोस्टरवर धाकटा, आणि त्याच्यामागे अख्खीच्या अख्खी सावली.

“मला काहीतरी सांगायचंय,” ताई म्हणाली. “ऐकून झालं की हवं तर घरी बस शनिवारी. मी ब्र काढणार नाही.”

आणि तिनं सगळं सांगून टाकलं. टेम्प्लेट, थर, डोळे, अस्तर, चॉकलेटी भिंत, म्हातारा स्क्रीन. साठ खुर्च्या सांगितल्या. ठिगळं दाखवली. बसथांबा सांगितला, गिटारच्या नव्या तारा सांगितल्या, आणि सावलीवर ठिगळ कुणी चिकटवलं तेही सांगितलं.

धाकट्यानं काच खाली ठेवली नाही. “चार दिवस माझ्यासमोर आहे ते पोस्टर,” तो म्हणाला. “आंधळा वाटलो का मी? चष्म्याच्या दुकानात बसतो.”

“मग फाडलं का नाहीस?”

त्यानं काच पुन्हा दिव्याखाली धरली, फिरवली, फडक्यानं पुसली, पुन्हा पुसली. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

“तारा कधी बदलल्या म्हणालीस?”

“काल.”

“सहाही?”

“सहाही.”

“अक्कल नाही त्याला,” धाकटा म्हणाला. त्यानं काच ठेवली, दिवा बंद केला आणि कोट घालू लागला, तो ताईनंच खांद्यात आत घेऊन दिलेला होता. “नव्या तारा दोन दिवस सुरात राहत नाहीत. सारख्या उतरतात. शनिवारी तशाच वाजवल्या तर हसं होईल आमचं. कुठं राहतो तो आता? चल, आजच सरावाला बसायला हवं.”